इम्प्लांटनंतर रेडिएशन: २५ वेळा की १६ वेळा?

कर्करोगामुळे स्तन काढला, त्या जागी इम्प्लांट बसवलं आणि नंतर डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, तर घरात पहिला प्रश्न येतो: किती दिवस? जुन्या पद्धतीत २५ वेळा, म्हणजे पाच आठवडे. नव्या पद्धतीत १६ वेळा, म्हणजे तीन आठवडे आणि एक दिवस. माणमधून हिंजवडीच्या कोंडीतून रोज रुग्णालय गाठणाऱ्या महिलेच्या नऊ फेऱ्या वाचतात.

मग अडचण काय?

नव्या पद्धतीत एकूण डोस कमी असला, तरी रोजचा जास्त असतो. जुन्या पद्धतीत रोज २ ग्रे, एकूण ५०. नव्या पद्धतीत रोज २.६६ ग्रे, एकूण ४२.५६. रेडिएशनमुळे इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होऊ शकतं. कधी इम्प्लांट काढावंही लागतं. रोजचा डोस वाढल्यास हा त्रास वाढेल, अशी भीती होती.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील फॅब्रेक चाचणीत ४०० महिला होत्या. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर शारीरिक स्वास्थ्य दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. मात्र कमी दिवसांच्या गटात विनापगार रजा घ्यावी लागलेल्या महिलांचं प्रमाण सुमारे निम्मं होतं. सुमारे ९०० महिलांच्या आरटी चार्म चाचणीतही दोन वर्षांनंतर पुनर्रचनेतील गुंतागुंत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढली नाही.

आमचं मत

एवढा पुरावा असताना १६ वेळांचा पर्याय रुग्णाने विचारण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांनीच आधी समोर ठेवावा. चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीत कंत्राटावर काम करणाऱ्या महिलेसाठी दोन आठवड्यांचा पगार म्हणजे घराचा हप्ता असतो. रजेच्या धास्तीने उपचार मध्येच सुटणं त्याहून महाग पडतं.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वेळा कमी झाल्या म्हणून इम्प्लांटचा धोका संपत नाही. तो दोन्ही पद्धतींत राहतोच. आणि रेडिएशन प्रत्येकीला लागतंच असंही नाही. गाठीचा आकार आणि काखेतील गाठींचा अहवाल पाहून ते ठरतं.

डॉक्टरांना काय विचाराल?

मला रेडिएशन का हवं? १६ वेळांत होईल का? होणार नसेल, तर कारण काय? इम्प्लांट कडक झालं, तर पुढे काय करणार? ईएसआयचं कार्ड असेल, तर कर्करोगासाठी मिळणाऱ्या वाढीव आजारपण लाभाचीही चौकशी करा. हे सगळं ऑपरेशनच्या आधीच विचारा.