‘काहीही चालेल’ आणि ‘तुम्ही ठरवा’

हॉस्टेलमध्ये वाढदिवस म्हटला की तीन गोष्टी ठरलेल्या. रात्री बाराला दार बडवणं, केक खाण्याऐवजी तोंडाला फासणं आणि सकाळी मेसच्या रांगेत पहिला प्रश्न, “पार्टी कधी?” पहिल्या दोन गोष्टींसाठी रेक्टर मॅडम दरवर्षी नोटीस लावतात, ती आपण दरवर्षी वाचतो (आणि विसरतो), तेव्हा त्या सोडून देते. मला बोलायचंय ते तिसऱ्या गोष्टीबद्दल.

पार्टी म्हणजे काय, तर बाराजणी मिळून हॉटेलात जायचं आणि मेनू कार्डावर तुटून पडायचं. एकीला पनीर हवं, एकीला मंचुरियन, एकीचा गुरुवार, एकीला कांदा-लसूण चालत नाही. अर्धा तास चर्चा करून शेवटी येतं तेच! पनीर, बटर रोटी, जिरा राईस. जिचा वाढदिवस असतो ती या सगळ्यात कार्डाची उजवी बाजू वाचत असते, जिथे आकडे असतात. माणशी अडीचशे धरले तर बाराजणींचे तीन हजार. आपलं महिन्याचं मेसबिल साधारण तेवढंच धरा. म्हणजे वाढदिवस असला की त्या मुलीने एका रात्रीत स्वतःचं महिन्याभराचं जेवण आपल्याला वाढायचं. शिवाय आदल्या दिवशी खाडा सांगितलेला नसतो, त्यामुळे मेसमधलं बाराजणींचं जेवण उरतं ते वेगळंच.

आमच्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीचा वाढदिवस गेली दोन वर्षं आम्ही पाहिलेलाच नाही. आदल्या संध्याकाळी ती एस.टी. धरते. पहिल्या वर्षी आजी आजारी होती, दुसऱ्या वर्षी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. खरं कारण तिने या वर्षी सांगितलं आणि “लिही, पण नाव घालू नकोस” असंही सांगितलं. घरून महिन्याला मोजून पैसे येतात. त्यात तीन हजार बसत नाहीत. एवढंच.

‘ज्याचा वाढदिवस त्याने द्यायचं’ हा नियम आला कुठून याचा मी बराच विचार केला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढदिवसाला युनिफॉर्मऐवजी कलर ड्रेस घालायला मिळायचा आणि सगळ्या वर्गाला चॉकलेटं वाटायची. बहुतेक तिथूनच. पण ते एक रुपयाचं चॉकलेट होतं, आणि वर्गातल्या कुणी “मला हे नको, कार्डातलं दुसरं दे” असं म्हटलेलं मला आठवत नाही. घरी तर उलटंच असतं. आई औक्षण करते, पुरण किंवा शिरा करते, ज्याचा वाढदिवस त्याने पाटावर बसून खायचं. तो बिल देत नाही!

आता एकदम जपानमध्ये जाऊ. (सबमिशनच्या दिवसांत कुठेही जायला मन तयारच असतं.) माझी एक आतेबहीण नोकरीसाठी टोकियोत असते. तिच्या वाढदिवसाला तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला सुशी खायला नेलं. ती फोनवर सांगत होती की तिथे मेनू कार्डच नव्हतं. लाकडी ओट्यापुढे आठ-दहा खुर्च्या, पलीकडे आचारी. तो एकेक घास हाताने बनवून समोर ठेवतो, तुम्ही तो लगेच खायचा, मग पुढचा. काय येणार ते तोच ठरवणार. या पद्धतीला ‘ओमाकासे’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, “तुमच्यावर सोपवलं.”

सुशी म्हणजे कच्चा मासा एवढंच आपल्याला माहीत असतं, आणि त्यावर “ईऽऽ” करून आपण मोकळे होतो. खरं तर सुशीतला मुख्य पदार्थ भात आहे, व्हिनेगर लावलेला. मासा वर ठेवलाच पाहिजे असंही नाही. फार पूर्वी मासे टिकवण्यासाठी ते भातात दाबून आंबवत ठेवायचे आणि खाताना भात टाकून द्यायचे. आज आपण पाहतो तो हाताने दाबलेला घास एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, टोकियोचं नाव ‘एदो’ होतं तेव्हा, गाड्यांवर विकला जायचा. घाईत असलेल्या माणसांनी उभ्याउभ्या खायचा. म्हणजे मूळ जात आपल्या वडापावाची! मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली मोरिमोतो नावाच्या प्रसिद्ध शेफचं जपानी रेस्टॉरंट निघालं तोवर हाच घास बड्या लोकांचा झाला होता.

या ओमाकासेवर एक पिक्चरच आहे, २०११ चा, ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’. जिरो ओनो हे १९२५ साली जन्मलेले गृहस्थ. टोकियोच्या गिन्झा भागात तळघरात त्यांचं दहा खुर्च्यांचं दुकान. २००७ मध्ये त्याला मिशलिनचे तीन तारे मिळाले. पिक्चर निघाला तेव्हा तिथलं जेवण तीस हजार येनपासून सुरू व्हायचं आणि वीस घासांत संपायचं. पण मला त्यातल्या वेगळ्याच दोन गोष्टी लक्षात राहिल्या. गिऱ्हाईक डावखुरं आहे असं दिसलं तर जिरोसान पुढचा घास त्याच्या डाव्या हाताला येईल असा ठेवतात. आणि तिथला एक शिकाऊ मुलगा अंड्याचा एक साधा पदार्थ करायला शिकत असतो, तर त्याचे दोनशेच्या वर प्रयत्न नापास होतात. (आपण एका केटीला रडतो.)

हे मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा समोरून लगेच उत्तर आलं, “मग आपण रोज ओमाकासेच करतो की! इथे तरी कुठे कार्ड आहे?” सगळ्या हसल्या. मीही हसले. पण नंतर वाटलं, फरक आहे, आणि चांगलाच मोठा आहे.

मेसमध्ये मावशी ठरवतात असं आपल्याला वाटतं, पण त्या काहीच ठरवत नाहीत. तीन हजार भागिले साठ, म्हणजे एका ताटाचे पन्नास रुपये. त्यातच सकाळचा चहा-नाष्टा, गॅस, कामवाल्यांचा पगार आणि कॉन्ट्रॅक्टरचा नफा. जे उरतं त्यात जे बसतं ते ताटात येतं. सोमवारचा बटाटा मावशींनी निवडलेला नाही, तो भागाकाराने निवडलेला आहे. आणि आपण? आपण ताट घेतो, मोबाईल काढतो, “काय बोअर आहे” म्हणतो, अर्धं टाकतो. मावशींना आपल्यापैकी किती जणींची नावं माहीत असतील? आणि आपल्याला त्यांचं?

घरीसुद्धा फार वेगळं नसतं. आई रोज विचारते, “आज काय करू?” आपण टीव्हीवरची नजर न काढता म्हणतो, “काहीही चालेल.” माझ्या मते मराठी घरातलं हे सगळ्यात आळशी वाक्य आहे. ते ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यात ठरवण्याचं सगळं काम आईवर टाकलेलं असतं, आणि वर न आवडल्यास नाक मुरडायची सोय राखलेली असते. ‘तुम्ही ठरवा’ हे वाक्य वेगळं आहे. ते म्हणणाऱ्याने आधी चार गोष्टी सांगायच्या असतात (काय चालत नाही, किती जण, किती पैसे, किती वाजता), पैसे हातात द्यायचे असतात, आणि मग जे येईल ते लक्ष देऊन खायचं असतं. तो डावखुरेपणा दिसायला जिरोसानांना समोर बसलेलं माणूस लागतं. मोबाईलमध्ये डोकं घातलेल्याचा डावा हात कुठला नि उजवा कुठला!

तर, मागच्या सेमिस्टरला आमच्या एका रूम पार्टनरच्या वाढदिवसाला आम्ही हे करून पाहिलं. विश्रामबागेच्या पलीकडे एक घरगुती खानावळ आहे, एक काकू चालवतात. दोन दिवस आधी जाऊन माणशी एकशेवीस रुपये त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, “काकू, आम्ही दहाजणी. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.” काकू आधी घाबरल्याच. “नंतर न्हाई आवडलं म्हणशीला!” मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. कोण काय खात न्हाई? बड्डे कुणाचा हाय? आणि ती कुठल्या गावची? तिसरा प्रश्न आमच्या डोक्यातही आला नव्हता. आमची मैत्रीण जत भागातली. काकूंचं माहेर त्याच बाजूचं निघालं.

त्या दिवशी ताटात काय होतं सांगू? हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, भरली वांगी आणि खपली गव्हाची खीर. खिरीचे गहू आदल्या दिवशी भिजवून, कांडून ठेवले होते. कार्ड हातात असतं तर आमच्यापैकी एकीनेही शेंगोळे मागवले नसते, आणि खरं सांगायचं तर मला ते फारसे आवडलेही नाहीत. पण जिचा वाढदिवस होता ती तीनदा मागून खात होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने आम्हाला तिच्या गावाकडचं काहीतरी सविस्तर सांगितलं. पाऊस कमी, म्हणून हुलगा. हुलगा, म्हणून शेंगोळे, माडगं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि मधूनमधून चुका काढत होत्या. उठताना त्यांनी औक्षण केलं. एकूण बाराशे रुपये झाले, आम्ही नऊजणींनी वाटून घेतले. दहावी फुकट जेवली. तिचाच तर वाढदिवस!

यावर “हे काय, जुन्या काळचं!” असं म्हणणाऱ्यांसाठी साताऱ्याची एक गोष्ट. मी साताऱ्याची, त्यामुळे लहानपणापासून ऐकलेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यात बोर्डिंग चालवलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसून एकच जेवण जेवत. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले. त्या काळी मुलगा काय खातो यापेक्षा तो कुणाच्या शेजारी बसून, कुणाच्या हातचं खातो याला घरच्यांचा विरोध असे. म्हणजे ‘आज सगळ्यांना एकच’ हे केवळ गरिबीमुळे नव्हतं, तो विचार करून घेतलेला निर्णय होता. मेनू कार्डाची सोय मला कळते, ज्याची त्याची आवड असतेच. पण बाराजणींच्या बारा डिश आल्या की कुणाला काय परवडतं हे टेबलावर लख्ख दिसतं. एकीने मागवलेलं सूप आणि एकीने मागवलेलं “मला भूक नाही”. एकाच ताटात ते दिसत नाही.

‘तुम्ही ठरवा’ मध्ये धोका आहे हे मान्य. पोटाला काय बाधतं ते आधी सांगावंच लागतं. टोकियोतही बसताना तेच विचारतात म्हणे. आणि काही जणींना खरोखरच पनीर खायचं असतं. त्यांनी जरूर खावं, स्वतःच्या पैशाने.

माझं म्हणणं मेस कमिटीपुढे आणि रेक्टर मॅडमपुढे असं आहे. महिन्यातून एक संध्याकाळ त्या महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांची करावी. रविवारी संध्याकाळी तशीही मेस बंद असते आणि सगळ्या बाहेर वडापाव शोधत फिरतात. ज्यांचे वाढदिवस असतील त्यांनी एक रुपया द्यायचा नाही, बाकीच्यांनी प्रत्येकी वीस-तीस रुपये जादा द्यायचे. ते पैसे चार दिवस आधी मावशींच्या हातात, आणि सोबत यादी: कोण, कुठल्या गावची, काय खात नाही. मावशींना त्या दिवसाचा जादा पगार त्याच पैशातून, हे आधीच लिहून ठेवायचं. पुढचं मावशी ठरवतील. मुलांच्या हॉस्टेलला हवं असेल तर त्यांनीही करावं, पण बंप्स आणि लाथा त्या दिवशी बंद ठेवाव्यात, खीर सांडते.

सप्टेंबरच्या यादीत सध्या सहा नावं आहेत. मावशींना मी सहज विचारून पाहिलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “त्या दिवशी तेल जरा जास्त मिळंल का?” तेवढं कमिटीने कॉन्ट्रॅक्टरशी बोलून ठेवावं.