निर्मळ पाण्यांतील सोमल

दीपनगरास आमच्या शेजारच्या गृहस्थांनीं गेल्या चैत्रांत अंगणांत कूपनलिका खोदविली. पाणी लागलें, नारळ फुटला, आणि वडीलधारे म्हणून पहिला तांब्या आमच्या हातीं आला. पाणी स्फटिकासारखें होतें. इतक्यांत त्या घरच्या सूनबाईंनीं विचारिलें, "गुरुजी, हें उकळून घेतलें म्हणजे मुलांस द्यावयास हरकत नाहीं ना?" तीस वर्षें वर्गांत जें सांगत आलों, तेंच ओठांवर आलें होतें: पाणी गाळा, उकळा आणि निर्धास्त प्या. परंतु तें उत्तर आम्हीं दिलें नाहीं. कां दिलें नाहीं, तें वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

पाणी वस्त्रानें गाळून प्यावें, असें मनुस्मृतींत यतीस सांगितलें आहे. गाळण्यानें कचरा व कीटक जातात. उकळण्यानें पटकीसारख्या रोगांचे जंतु मरतात. या दोन उपायांनीं असंख्य जीव वांचले आहेत. परंतु पाण्यांत जें पूर्णपणें विरघळलें, त्यापुढें दोन्ही निरुपाय होतात. मिठाचें पाणी फडक्यांतून गाळल्यानें अळणी होत नाहीं, आणि उकळून आटल्यानें तर अधिकच खारट होतें. सोमलाचें, म्हणजे आर्सेनिकचें, तसेंच आहे. मीठ निदान जिभेस कळतें. पाण्यांतील सोमलास रंग नाहीं, वास नाहीं, चवहि नाहीं.

हें विष पाण्यांत कोणी कालवावें लागतें असें नाहीं. कित्येक खडकांत तें स्वभावतःच असतें. खडक झिजतो आणि तें भूजलांत उतरतें. याचें उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेस लागूनच आहे. गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगढांत, अंबागड चौकीजवळ कौडीकसा नांवाचें खेडें आहे. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठांतील दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं तेथील पाण्यांत सोमल असल्याचें प्रसिद्ध केलें. त्याचें मूळ डोंगरगड-कोटरी पट्ट्यांतील प्राचीन खडकांत असल्याचें सांगतात.

बंगालची कथा याहून करुण आहे. आजच्या बांगलादेशांत तळ्यांच्या पाण्यानें पटकी व अतिसार होऊन मुलें दगावत. म्हणून १९७० नंतर युनिसेफच्या साहाय्यानें गांवोगांव कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतु टळले, पण सोमल आला. पश्चिम बंगालांत १९८३ सालीं डॉ. के. सी. साहा यांनीं असे रोगी ओळखिले होते. बांगलादेशांत हा दोष १९९३ सालीं उघडकीस आला. हेतु सर्वथा शुद्ध होता. उणीव एवढीच, कीं सोमलाची परीक्षा कोणी केली नाहीं.

असें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास छातीपाठीवर काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात-तळपाय जाड व खरबरीत होतात. पुढें त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोगहि संभवतो. अज्ञानानें लोक यास महारोग समजतात आणि मुलींचे विवाह अडतात. वास्तविक हा रोग एकापासून दुसऱ्यास होत नाहीं.

कौडीकसाचा खडक निराळा आणि तापीखोऱ्यांतील काळा पाषाण निराळा. तेव्हां तेथील दोष येथें असेलच असें नव्हे. परंतु रावेर-यावलाकडे पाणी खोल खोल जात आहे, आणि नवी नलिका आजोबांच्या विहिरीहून निराळ्या थरांतून पाणी उचलते. आडांत असेल तें पोहऱ्यांत येणारच. म्हणून नव्या नलिकेचें पाणी प्रयोगशाळेंत द्यावें आणि धातूंचीहि परीक्षा हवी, असें स्पष्ट सांगावें. नेहमींच्या तपासणींत ती असतेच असें नाहीं. भारतीय मानकानें सोमलास लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा घातली आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकींत अवघे १० मिलिग्रॅम! दोष निघाल्यास तें पाणी धुण्याभांड्यांस वापरावें. पिण्यास व भात-वरण शिजविण्यास मात्र दुसरें, तपासलेलें पाणी आणावें.

"सूनबाई, आधीं तपासून घ्या, तोंवर मुलांस नळाचेंच द्या," असें आम्हीं सांगितलें. तीन आठवड्यांनीं अहवाल आला. दोष निघाला नाहीं. त्या दिवशीं मागून घेऊन आम्हीं तांब्या रिकामा केला.

जुने लेखक पोथींतील चुकीच्या अक्षरावर हरताळ लावून तेथेंच शुद्ध पाठ लिहीत. तो हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचेंच संयुग. आमच्या वर्गांतून गेलेलीं मुलें आतां घरें बांधीत आहेत, कूपनलिका खोदवीत आहेत, आणि आमचें वाक्य त्यांच्या मुलांस सांगत असतील. 'उकळलें कीं निर्धास्त' या त्या वाक्यावर आम्ही आज हरताळ लावीत आहों. शुद्ध पाठ असा: गाळा, उकळा, परंतु त्याआधीं पाणी तपासून घ्या.