विश्लेषण : मांडीवरचे मूल मोटारीत सुरक्षित असते का?

नाशिकहून मुंबईला निघालेल्या अनेक मोटारींत लहान मूल आईच्या मांडीवर असते. ‘चाइल्ड सीट’चा विषय काढला, की इतर पालक म्हणतात, ‘आमची मुले अशीच मोठी झाली.’ त्यांना काय सांगायचे?

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केले नसेल, तर एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

आईने घट्ट धरले तर?
ताशी ५० किलोमीटर वेगातील मोटार धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला रोखायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तो कोणाच्याच हातांत नसतो. नाशिक जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

मागे बसले की धोका टळतो?
नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते. सीटबेल्ट लावलेला नव्हता.

मूल रडते, सीटही महाग. मग?
हे आक्षेप खरे आहेत. जवळच्या फेऱ्यांपासून सवय लावावी, लांबच्या प्रवासात थांबे घ्यावेत. तान्ह्याची सीट मागच्या आसनावर, बाळाचे तोंड मागे करून बसवावी. चालू एअरबॅगसमोर कधीच नको. आणि टोमण्यांनी कोणी बदलत नाही. आपल्या मुलाला लहान झालेली, अपघातात न सापडलेली सीट शेजाऱ्यांना वापरायला द्यावी.