भिंगातील दोष आणि चित्रातील माधुर्य

निर्दोष वस्तूची हौस मनुष्यास स्वाभाविक आहे. प्रकाशचित्रणाच्या भिंगांविषयी तर ही हौस पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ एकसारखी वाढत आली आहे. १८४० साली जोसेफ पेट्झवाल ह्या गणितज्ञाने व्हिएन्ना येथे गणिताच्या आधारे चेहऱ्यांच्या चित्रांसाठी भिंग योजिले. तेव्हापासून प्रत्येक पिढीतील कारागिरांचा यत्न हाच, की चित्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत स्वच्छ उमटावे. असे असता काही कारागीर आज जाणूनबुजून सदोष भिंगे घडवितात आणि रसिक ती मोल देऊन घेतात, हे ऐकून कित्येक वाचकांस नवल वाटेल. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अशा एका भिंगाचा प्रयोग आम्ही करून पाहिला. त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

हे भिंग म्हणजे लेन्सबेबी ह्या अमेरिकन कंपनीचे ‘वेल्व्हेट ५६’ होय. ह्यात विजेचे साहाय्य मुळीच नाही. फोकस आणि छिद्र ही दोन्ही हातानेच फिरवावी लागतात. फुलाच्या इतके निकट जाता येते, की त्याच्या निम्म्या आकाराची प्रतिमा कॅमेऱ्यात उमटते. ह्यात मुद्दाम राखलेला दोष तो गोलीय विपथनाचा. भिंगाच्या मध्यातून येणारे किरण एका ठिकाणी मिळतात व काठाकडून येणारे किंचित दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे स्पष्ट प्रतिमेवर दुसरी अस्पष्ट, उजळ प्रतिमा पसरते. छिद्र १.६ इतके उघडे ठेवल्यास वस्तू धुक्यात वितळल्यासारखी दिसते, ते ५.६ किंवा ८ पर्यंत मिटविले, की काठाचे किरण अडतात आणि चित्र स्वच्छ होते.

हा दोष काही ठिकाणी केवढा अनर्थकारक होतो, हे खगोलशास्त्रज्ञांस विचारावे. १९९० साली अंतराळात सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या मोठ्या आरशात हाच दोष निघाला. आरशाचा काठ केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाने अधिक सपाट घासला गेला होता. तेवढ्याने तारे धूसर दिसू लागले, व डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन सुधारणा केली तेव्हा कोठे काम सुरळीत झाले. तात्पर्य, दोष एकच. तो कोठे शोभतो आणि कोठे नडतो, एवढाच प्रश्न.

तो शोभतो कोठे, हे आम्हांस कासच्या पठारावर दिसले. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरांवरील हे पठार, २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाचा एक भाग आहे. सप्टेंबरातील सकाळी तेरड्याच्या गुलाबी पाकळ्यांवर दव होते. छिद्र २.८ वर ठेवून फोकस एकाच पाकळीच्या कडेवर आणला, तेव्हा ती कड रेखीव राहिली व तिच्याभोवती प्रकाशाची मऊ झाक पसरली. मागची सोनकी नुसती पिवळी प्रभा होऊन गेली. डोळ्यांस त्या सकाळी जे सुख झाले, ते स्वच्छ भिंगाच्या चित्राहून ह्यात अधिक उतरले, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. उजळ भाग पसरतात, म्हणून प्रकाश नेहमीपेक्षा किंचित कमी घ्यावा. फोकस पडद्यावर प्रतिमा मोठी करून जुळवावा व वारा थांबेपर्यंत धीर धरावा. आणि चित्रात एक तरी जागा रेखीव ठेवावी. सर्वच वितळले, तर पाहणाराची नजर कोठेच विसावत नाही. फुलांचे ताटवे न तुडविता वाटेवरूनच चित्रे घ्यावी, हे सुज्ञांस सांगणे नकोच.

परतीच्या वाटेवर वाईजवळ मेणवली येथे उतरलो. नाना फडणविसांचा वाडा व कृष्णेवरील घाट तेथे आहेत. सायंकाळच्या उन्हात पायऱ्या आणि पाणी ह्या भिंगातून स्वप्नवत दिसले. परंतु घाटावर एक घंटा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर ती तेथून आली. बालयेशूसह मेरीची आकृती तिच्यावर कोरलेली आहे. छिद्र उघडे असता ती आकृती पार नाहीशी झाली व कोणत्याही देवळातील घंटा असावी तशी ती दिसू लागली. छिद्र ८ वर आणले, तेव्हा तिचा इतिहास तिला परत मिळाला.

घरी आल्यावर आमच्या मातोश्रींची दोन चित्रे घेतली. एक छिद्र १.६ वर, दुसरे ५.६ वर. पहिल्यात मुद्रेवरील रेषा पुसून गेल्या होत्या. आम्ही ते मोठ्या कौतुकाने पुढे केले. त्या म्हणाल्या, “अरे, चित्र सुरेख आहे; पण ही बाई कोण? माझी बहात्तर वर्षे गेली कुठे?” वडिलांच्या तसबिरीशेजारी लावण्यास त्यांनी दुसरे चित्र निवडले.

ह्यावर कोणी म्हणेल, की मग माणसांसाठी धूसर भिंग नकोच. तसे नव्हे. १८१५ साली कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमरन ह्या बाईंस वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कन्येकडून कॅमेरा मिळाला. त्यांच्या चित्रांतील धूसरपणावर टीकाकारांनी झोड उठविली. पण १८६७ साली त्यांनी वृद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शेल ह्यांचे चित्र घेतले, त्यात ती मृदुता असूनही कपाळावरील आठ्या व डोळ्यांखालील वार्धक्य लपलेले नाही. कॅमरनबाईंनी मृदुता वापरली ती व्यक्ती दाखविण्यासाठी, पुसण्यासाठी नव्हे.

हे सांगण्याचे कारण असे, की भिंगाचे काम आज खिशातील मोबाइलही करू लागले आहेत. कित्येक मोबाइल न विचारता चेहरे गुळगुळीत करतात आणि तीच चित्रे घरोघरच्या संग्रहात जमत आहेत. पन्नास वर्षांनी नातवंडे तो संग्रह उघडतील, तेव्हा त्यांस आजीच्या कपाळावरच्या रेषा पाहावयाच्या असतील. म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच, की फुलांच्या चित्रात खुशाल धुके उतरू द्यावे. परंतु जेथे साक्ष ठेवावयाची आहे, तेथे छिद्र मिटवून घ्यावे. आमच्या दिवाणखान्यात कासचा तेरडा लागला आहे, तो २.८ चा. मेणवलीची घंटा मात्र आम्ही ८ चीच ठेविली आहे.