कृष्णविवराचा नाद, आधी कागदावर

उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घेताना आपल्या आया-बहिणी काय करतात? माठ उचलतात आणि बोटाने टिचकी मारतात. खणखणीत आवाज आला तर माठ चांगला भाजलेला. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. माठ न फोडता नुसत्या नादावरून पारख होते. आज आम्ही ज्या संशोधनाची माहिती देणार आहोत, ते अशाच एका टिचकीचे आहे. ही टिचकी मात्र कृष्णविवराला मारली गेली, आणि तीही प्रथम कागदावर.

कृष्णविवर म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. फार मोठा तारा जळून संपला की स्वतःच्याच भाराने आत कोसळतो. तो इतका दाबला जातो की त्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही. सूर्याइतके वस्तुमान अवघ्या ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात दाबले तर त्याचे कृष्णविवर होईल. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. लगेच १९१६ साली जर्मनीच्या कार्ल श्वार्झशिल्ड यांचे त्यावरचे गणित प्रसिद्ध झाले. त्या गणितातच कृष्णविवर दडलेले होते. पण ते नुसते गणित आहे, निसर्गात असे काही नसणार, असे पुष्कळ विद्वानांना वाटत राहिले.

बंगळूरमध्ये १९३८ साली जन्मलेले सी. व्ही. विश्वेश्वरा हे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले. चार्ल्स मिसनर हे त्यांचे मार्गदर्शक. विश्वेश्वरांनी साधा पण मुळाला हात घालणारा प्रश्न धरला : कृष्णविवराला धक्का दिला तर ते टिकेल की मोडेल? मोडत असेल तर ते निसर्गात असूच शकत नाही. गणिताने उत्तर दिले, टिकते. मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. गुरुत्वीय लहरींचा एक पुंजका कृष्णविवरावर सोडला तर परत काय येईल? १९७० साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. कृष्णविवर घंटेसारखे निनादते आणि क्षणात शांत होते. त्या नादावरून त्याचे वस्तुमान सांगता येते.

कुणी म्हणेल, याचा उपयोग काय? त्या वेळी खरोखरच काही नव्हता. हा नाद ऐकू शकेल असे यंत्र जगात कुठेही नव्हते. गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशाचेच ताणणे आणि आक्रसणे. ती पृथ्वीवर येईपर्यंत इतकी क्षीण होते की ४ किलोमीटर लांबीत पडणारा फरक अणूच्या पोटातल्या प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो. रस्त्यावरून ट्रक गेला, दूरच्या समुद्रात लाटा उसळल्या, तरी यंत्र त्याहून जास्त थरथरते.

मग एवढ्या गोंगाटात लहर ओळखायची कशी? भर जत्रेत आई आपल्या लेकराची हाक ओळखते, कारण तो आवाज तिच्या कानात आधीच बसलेला असतो. इथेही तेच. येणाऱ्या लहरीचे रूप आधी माहीत हवे. ते गणितानेच काढावे लागते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर हे किचकट गणित वर्षानुवर्षे केले. आपल्या पुण्यात, जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या आयुका संस्थेत, संजीव धुरंधर यांनी अशा नमुन्यांशी नोंदी ताडून पाहण्याच्या पद्धती बसवल्या. त्यांचा आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा या विषयावरचा निबंध १९९१ सालचा आहे. तेव्हाही लहर कुणी पकडलेली नव्हती.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी ती सापडली. अमेरिकेत लायगो नावाची दोन यंत्रे एकमेकांपासून सुमारे ३ हजार किलोमीटर अंतरावर आहेत. दोन्ही यंत्रांत सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतराने एकच थरथर नोंदली गेली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट अशी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळून ६२ पटींचे एक झाले होते. बेरीज ६५ होते. उरलेल्या ३ सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा लहरी होऊन निघून गेली. ही घटना सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जगाला जाहीर झाली. विश्वेश्वरा जानेवारी २०१७ मध्ये गेले. आपल्या गणिताला निसर्गाने दिलेला होकार त्यांना जिवंतपणी ऐकता आला. मध्ये ४५ वर्षे गेली होती.

१४ जानेवारी २०२५ रोजी आणखी स्पष्ट नोंद मिळाली. कृष्णविवरे एक झाली तरी त्यांचे एकूण पृष्ठफळ कमी होऊ शकत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली गणिताने सांगितले होते. या नोंदीत ते तपासता आले. टकरीआधी दोघांचे मिळून पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून कमी. टकरीनंतर सुमारे ४ लाख, म्हणजे महाराष्ट्राहून जास्त. नवे पृष्ठफळ कशावरून कळले? त्याच शेवटच्या नादावरून.

असेच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. ४ किलोमीटरच्या दोन भुजा मराठवाड्याच्या मातीवर उभ्या राहतील. तिथे गवंडी लागतील, वेल्डर लागतील, फाटकावर वॉचमन लागतील. ती कामे आपली माणसे करतीलच, आणि त्यात कमीपणा नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. आत टेबलाशी बसून नोंद वाचणारी मुलगी कुठून येणार? ती आज औंढ्याच्या, परभणीच्या किंवा एखाद्या गिरणगावातल्या शाळेत सातवी-आठवीत असेल. तिचे गणित पक्के झाले तर ती तिथे बसेल. 'पोटापुरते शिकलीस, आता पुरे' असे तिला सांगितले गेले, तर ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळेल.

म्हणून आई-बाबांना आमचे एवढेच सांगणे आहे. पोर वहीत डोके घालून बसले असेल आणि 'याचा उपयोग काय' हा प्रश्न ओठांवर आला, तर तो थोडा मागे ठेवा. आधी त्याला विचारा, 'काय शोधतोयस?' उत्तर आपल्याला कळले नाही तरी चालेल. दिव्याखालची जागा मात्र त्याच्यासाठी मोकळी ठेवा.