सोवळ्यातली वीज

गाणं ऐकायच्या हौसेपायी माणसं हल्ली वीज सोवळ्यात ठेवायला लागली आहेत. स्ट्रीमरबरोबर आलेला काळा स्विचिंग अ‍ॅडॉप्टर म्हणे ‘घाणेरडा’. त्याच्या जागी पंचवीस हजारांचा जडशीळ लिनिअर पॉवर सप्लाय आणायचा आणि पहिल्याच आलापीला डोळे मिटून म्हणायचं, ‘पडदा सरकला बघ!’ माझा मित्र असं म्हणाला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पंखा पाचावर होता आणि आत कुकरची तिसरी शिट्टी होत होती.

स्ट्रीमर करतो काय? नेटवरून गाण्याचे आकडे घेतो, एखादं पाकीट वाटेत गळालं तर पुन्हा मागवतो, मेमरीत साठवतो आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या डॅकच्या हवाली करतो. अ‍ॅडॉप्टर मरतुकडा असेल तर गाणं अडखळेल, यंत्र बंद पडेल. पण आकडे बेसूर व्हायचे नाहीत. स्ट्रीमर म्हणून वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या बोर्डाला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा धड अ‍ॅडॉप्टर हवा, हे खरं. तो काही शे रुपयांत मिळतो.

आता त्या बोर्डाच्या आत बघा. आलेले 5 व्होल्ट 3.3, 1.8 आणि त्याहूनही खाली उतरवायला तिथे स्विचिंग रेग्युलेटरच बसवलेत. बाहेर ज्याचा विटाळ मानला, तोच आत स्वयंपाक करतोय! ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. तो 0.8 मायक्रोव्होल्ट नॉइजवाल्या रेग्युलेटरचं कौतुक सांगतो आणि साहेब मान डोलावतात. मग घरी येऊन साहेब ऐकतात कोणाला? अब्दुल करीम खाँसाहेबांना. 78 आरपीएमच्या लाखेच्या तबकडीवरून उतरवलेलं, सुईच्या खरखरीसकट!

त्रास कधी खराही असतो, नाही असं नाही. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमधून किंचित करंट झिरपतो आणि यूएसबी केबलवरून डॅक, अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जातो; स्पीकर घूं करतो. चांगल्या लिनिअरने ते कमी होऊ शकतं. पण स्ट्रीमरला ऑप्टिकल आउटपुट असेल तर साधी ऑप्टिकल केबल ती वाटच बंद करते, कारण तिच्यात तांबंच नसतं. शिवाय जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक कित्येकदा नुसतं शोभेला असतं. मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. मित्राच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला मी टेस्टर लावला, तो पेटला. अरे, वायरमनला बोलाव, म्हटलं. तर म्हणे, ‘ते सोसायटी बघेल.’ जिवाशी गाठ आहे ते सोसायटी बघणार, आणि हा मायक्रोव्होल्ट बघणार!

शेवटी मी म्हटलं, तू पाठ करून बस, मी मागे प्लग बदलतो; जुना कुठला, नवा कुठला ते ओळख. तेवढ्यात त्याचे कान दमले. लिनिअर ‘रुळायला’ आठवडे लागतात, हेही तेव्हाच कळलं. पैसे परत मिळण्याची मुदत मात्र त्याआधीच संपते.

परवा दुकानदाराचा फोन आला होता म्हणे. या सप्लायचं खरं रूप दिसायचं तर त्याची मेन्स केबल बदलावी लागेल, साहेब. अकरा हजार फक्त. भिंतीतली अ‍ॅल्युमिनियमची जुनी वायर तशीच राहिली तरी चालेल.