जमीन होती, मान कुठे होता?

परवा कोल्हापुरात एका व्याख्यानात पुन्हा तेच ऐकलं: जुन्या मराठी मुलखात मिरासदार हा जमिनीचा स्वतंत्र धनी, आणि ज्याची जमीन जेवढी तेवढा त्याचा गावातला मान. जात, वतन, मानपान ही म्हणे वरची रंगरंगोटी. सुटसुटीत आहे, म्हणून टाळ्याही पडल्या. मला मात्र राग आला.

महारांचं काय मग? त्यांच्याकडे हाडकी-हाडवळ्याची इनाम जमीन होती, पिढीजात वतन होतं. शिवेचा तंटा निघाला की हद्दीबद्दल महाराची साक्ष मोलाची. आणि तोच माणूस साऱ्याची रक्कम ठाण्यात पोचवायचा, सांगावे घेऊन पळायचा, मेलेलं जनावर ओढायचा, बोलावणं आलं की भाकर टाकून उठायचा. राहायला गावकुसाबाहेर. त्या तुकड्यानं त्याला मान दिला नाही, राबणुकीला जखडलं. शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. १९१८ साली त्यांनी करवीर संस्थानात महार वतन मोडून त्या जमिनी त्याच लोकांना रयताव्यानं, म्हणजे चाकरीच्या अटीविना सारा भरून कसायला, दिल्या. वावर तेच, बांध तोच. सुटली ती वेठ. जमीन म्हणजेच मान असता, तर महाराजांना हा हुकूम काढावाच लागला नसता.

उपरी, म्हणजे गावात पिढीजात हक्क नसलेला कूळ, तर बऱ्याचदा मिरासदारापेक्षा हलक्या साऱ्यावर जमीन कसायचा, पण गोतसभेत, म्हणजे गावच्या निवाड्याच्या बैठकीत, बसायचा मिरासदार. मोकळी मालकी म्हणजे दर्जा नव्हे, हे दूर युरोपातही दिसतं: मध्ययुगीन बोहेमियात कुणा सरदाराचे ताबेदार नसलेले, थेट राजाच्या छत्राखालचे शेतमालक होते. ते काही उमराव झाले नाहीत. आणि ‘मराठी गाव म्हणजे छोटं प्रजासत्ताक’ हे गोऱ्या अंमलदारांचं जुनं पालुपद आता तरी सोडावं. त्या प्रजासत्ताकाची वेस कुणासाठी बंद होती, ते आधी सांगा.

माझं म्हणणं एवढंच: दर्जा ठरायचा तो हक्कानं, आणि तो हक्क गोतानं मान्य केल्यानं. कोण कुणाला काय देणं लागतो, हेही त्यातच आलं. जमीन त्यामागून यायची. पाटिलकीची निम्मी वाटणी लिहून दिलेली जुनी खतं वाचावीत. होळीला पोळी आधी कुणाची, पोळ्याला बैल पुढे कुणाचा, विडा आधी कुणाच्या हाती, हे त्यांत शेताच्या चतुःसीमेइतक्याच काळजीनं नोंदलेलं असतं.